शेवटचे तीस फूट

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या एखाद्या उंच इमारतीत कुणी रात्री व्हिडिओ लावला, की तो बहुतेक वेळा फार लांबून येत नसतो. ऐरोली, रबाळे, महापे हा टीटीसी एमआयडीसीचा पट्टा आता डेटा सेंटर्सनी भरला आहे, पनवेललाही ती उभी राहिली आहेत. मोठ्या व्हिडिओ कंपन्या लोकांच्या आवडीच्या मजकुराच्या प्रती अशाच ठिकाणी किंवा थेट इंटरनेट कंपनीच्या जाळ्यात ठेवतात. काचेच्या तंतूतून, म्हणजे फायबरमधून, प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. वीस किलोमीटरला त्याला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा लागतो. मधली यंत्रं धरली तरी महाप्याहून ठाण्यातल्या इमारतीपर्यंत डेटा काही मिलिसेकंदांत पोचतो. आणि मग मुख्य दरवाजाजवळच्या कंपनीच्या खोक्यापासून, म्हणजे राउटरपासून, आतल्या बेडरूमपर्यंतच्या तीस फुटांत तो अडखळतो, थांबतो, गोल फिरणारं चक्र दिसायला लागतं.

या तीस फुटांबद्दल कुणी बोलत नाही. जाहिरात ३०० एमबीपीएसची असते, भांडण कंपनीशी होतं, आणि त्या भांडणाचा शेवट बहुधा वरचा प्लॅन घेण्यात होतो. बेडरूममध्ये पूर्वी ३५ येत होते, नव्या प्लॅननंतरही ३५च येतात. माझं म्हणणं असं आहे की घरातल्या इंटरनेटचे निम्म्याहून जास्त प्रश्न या तीस फुटांतले असतात. ते आपले आपल्याला सोडवता येण्यासारखे आहेत. पण ज्या खोक्यातून ते सोडवायचे त्याचा ताबा आपल्याकडे नसतो, आणि तो मिळावा असा नियम आपल्याकडे असायला हवा.

आधी दुखणं कुठं आहे ते शोधावं. त्यासाठी लॅपटॉप आणि तो खोक्याला जोडणारी लॅनची एक चांगली वायर पुरते. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करायचं, वायर थेट कंपनीच्या खोक्याला लावायची, घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही काही मिनिटं बाजूला ठेवायला सांगायचे आणि स्पीड टेस्ट घ्यायची. ३०० च्या प्लॅनला २८० च्या पुढे आकडा आला तर कंपनीचं काम चोख आहे. आकडा ९३-९५ वर येऊन तिथंच अडकला, तर मात्र समजून घ्यावं की वाटेत कुठंतरी १०० एमबीपीएसची मर्यादा बसली आहे. एक तर खोक्याचा किंवा लॅपटॉपचा पोर्ट जुन्या फास्ट इथरनेटचा आहे, नाहीतर वायरीच्या आठ तारांपैकी चारच जोडल्या आहेत. घाईत क्रिंप केलेल्या, म्हणजे टोकाला प्लग दाबून बसवलेल्या, वायरींत हे सर्रास दिसतं. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही तारा लागतात. चार तारांवर यंत्रं मुकाट्याने १०० वर उतरतात, कुठलीही सूचना येत नाही.

नंतर तोच लॅपटॉप वाय-फायवर, आधी खोक्याच्या खोलीत आणि मग बेडरूममध्ये. तिथं कमांड प्रॉम्प्ट उघडून राउटरच्याच पत्त्यावर पिंग, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी हाक, चालू ठेवायचा. हा पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ असतो, नसला तर लॅपटॉपच्या नेटवर्कच्या माहितीत ‘गेटवे’ म्हणून सापडतो. घरातल्या घरात उत्तर १ ते ५ मिलिसेकंदांत यायला हवं. ते मधूनच १०० किंवा ३०० होत असेल, तर बाहेरचं जग अजून सुरूही झालेलं नाही आणि खोळंबा घरातच झाला आहे. ऑफिसच्या कॉलवर आवाज तुटतो तो यामुळे. कॉलला वेग जेमतेम दोन-चार एमबीपीएस पुरतो, पण उत्तर येण्याचा वेळ स्थिर लागतो.

फायबर थेट घरात आली असेल तर आणखी एक आकडा पाहावा. ओएनटी, म्हणजे फायबर ज्यात घुसते ते खोकं, त्याच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ नावाची नोंद असते. ती डीबीएम या प्रकाशाच्या जोराच्या मापात, उणे आकड्यात असते. उणे १५ ते उणे २३ च्या दरम्यान असेल तर निश्चिंत राहावं. उणे २७ ही बऱ्याच ओएनटींची शेवटची पायरी. उणे २६ वर लटकलेलं कनेक्शन कोरड्या दिवसांत चालतं आणि पावसाळ्यात डक्टमधल्या सांध्यांत पाणी शिरलं की मान टाकतं. प्रकाश कमी होण्याची घरातली कारणं ठरलेली आहेत: टीव्हीच्या युनिटमागे करकचून वळवलेली कॉर्ड, दाराच्या बिजागरीत चेपलेली तार, धूळ बसलेला हिरवा कनेक्टर. हिरव्या कनेक्टरचं टोक ८ अंशांच्या कोनात घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. हिरवा निळ्यात खुपसला तर बसतो, पण प्रकाश वाया जातो आणि टोकही खराब होतं. कनेक्टर काढलाच तर आत डोकावून पाहू नये. तो प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, पण डोळ्याला लागू शकतो.

आता भिंती. नौपाडा किंवा चरईतल्या जुन्या इमारतींत आतल्या भिंती विटांच्या आहेत. वाय-फाय त्यातून थोडं दमून का होईना, पार होतं. गेल्या काही वर्षांतल्या टॉवरांत मात्र मिवानचं बांधकाम आहे. अॅल्युमिनियमचे साचे लावून सगळ्या भिंती काँक्रीटच्याच ओततात, आत लोखंडाची जाळी. वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालतं; अशी एक भिंत ५ गिगाहर्ट्झच्या लहरींचा बहुतेक जोर खाते, दोन भिंतींनंतर हाती काही उरत नाही. आणि खोकं कुठं बसतं? फायबर शाफ्टमधून येते, म्हणून मुख्य दरवाजाच्या वर, एमसीबीच्या शेजारी, किंवा इंटिरिअरवाल्याला ते दिसायला नको असतं म्हणून शू-रॅकच्या कपाटात. तिथून बेडरूमपर्यंत तीन भिंती, लोखंडी कपाट, फ्रिज आणि आरसा. आरशाच्या पाठीला धातूचा थर असतो, तो लहरी परत फिरवतो.

याला खरा उपाय एकच आहे आणि तो वेळेवर करायचा आहे: घराचं काम निघालं की दरवाजाजवळच्या खोक्यापासून प्रत्येक खोलीत एक रिकामा पाइप आणि त्यात कॅट ६ दर्जाची तांब्याची लॅन वायर. विजेच्या वायरींच्या पाइपातून ती नेऊ नये, दोन्ही समांतर धावत असतील तर मधे वीतभर अंतर ठेवावं. वायर घेताना ‘सीसीए’ लिहिलंय का ते बघावं. ती आतून अॅल्युमिनियमची आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेली असते, स्वस्त पडते आणि वाकवली की तुटते. आतल्या खोलीत या वायरीच्या टोकाला दुसरा अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारा नग, लावला की विषय संपला. घर आधीच झालं असेल तर निदान खोकं दिवाणखान्याच्या मध्याकडे सरकवून घ्यावं. कंपनीचा माणूस फायबरची लांब पॅच कॉर्ड घेऊन आला तर अर्ध्या तासाचं काम आहे. मेशचे, म्हणजे एकमेकांना सिग्नल देणाऱ्या नगांचे, संच चांगले असतात, पण वायरीशिवाय लावले तर दुसरा नग अशा जागी हवा जिथं पहिल्याचा सिग्नल अजून दमदार आहे. लोक तो नेमका मेलेल्या कोपऱ्यात ठेवतात आणि मग तो कमजोर सिग्नलच पुढे वाटत बसतो.

हवेतल्या गर्दीचं गणित वेगळं आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा वाय-फायसाठी परवानामुक्त झाला २००५ मध्ये, आणि ५ गिगाहर्ट्झचा ६०५ मेगाहर्ट्झचा प्रशस्त पट्टा मोकळा झाला ऑक्टोबर २०१८ मध्ये. पहिल्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. एका मजल्यावर चार-सहा फ्लॅट, वर-खाली तीच गर्दी, समोरची विंग वेगळी. रात्री नऊ वाजता या तीन चॅनेलांवर पन्नासेक राउटर एकमेकांची पाळी संपायची वाट पाहत असतात. म्हणून २.४ ला रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी (४० केली की शेजाऱ्यांचंही बिघडतं आणि आपलंही), त्यावर स्मार्ट गीझर, बल्ब आणि कॅमेरा यांनाच ठेवावं, आणि फोन, लॅपटॉप, टीव्ही ५ वर न्यावेत. त्यासाठी दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं देता आली पाहिजेत. ५ मध्ये ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ हे चॅनेल बिनघोर आहेत. मधले बरेच चॅनेल रडारही वापरतात, तिथं राउटरला आधी मिनिटभर रडारची चाहूल घ्यावी लागते आणि रडार जाणवलं की जागा सोडावी लागते, त्यामुळे वाय-फाय अचानक गायब झाल्यासारखं वाटतं.

हे सगळं खोक्याच्या सेटिंगमध्ये शिरून करायचं असतं. इथंच गाडी अडते.

कंपनीने दिलेल्या खोक्यात दोन प्रकारची लॉगिन असतात. आपल्याला मिळतं ते धाकटं: वाय-फायचं नाव बदला, पासवर्ड बदला, झालं. चॅनेलची रुंदी, ब्रिज मोड (खोक्याची राउटरगिरी बंद करणं), डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा), बाहेरून खोक्यात शिरण्याची सोय बंद करणं, हे थोरल्या लॉगिनमध्ये दडलेलं असतं आणि ते कंपनीकडे राहतं. कंपनी स्वतः मात्र टीआर-०६९ नावाच्या व्यवस्थेतून लांबूनच खोक्यात शिरून सेटिंग बदलू शकते, फर्मवेअर (खोक्याच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकू शकते, घरात कोणकोणती उपकरणं जोडलेली आहेत त्याची यादी पाहू शकते. ही व्यवस्था वाईट हेतूने बनलेली नाही. हजारो घरांची तक्रार फोनवरून निस्तरायची तर असं काहीतरी लागतंच. पण भाड्याने घेतलेल्या घराचंही कुलूप आपण बदलतो, मालकाला सांगून बदलतो, आणि त्याला कुणी गुन्हा समजत नाही.

लांबून शिरता येणारं दार उघडं राहिलं की काय होतं याचे दाखले आहेत. नोव्हेंबर २०१६ मध्ये मिराई या मालवेअरच्या नव्या रूपाने नेमक्या याच व्यवस्थेच्या पोर्टवर, म्हणजे आत शिरण्याच्या दारावर, हल्ला चढवला आणि जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर कोलमडले. आपल्याकडे जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलचे असे मोडेम मालवेअरने बंद पाडले ज्यांचा पासवर्ड कारखान्यातून आला तसा ‘अॅडमिन’च होता. दोन्हीकडे ग्राहकाने काही केलं नव्हतं, आणि करायचं म्हटलं तरी अनेकांना हे माहीतच नव्हतं की खोक्याला स्वतःचा एक पासवर्ड असतो. तुमच्या खोक्याचं फर्मवेअर शेवटचं कधी बदललं हे कस्टमर केअरला विचारून पाहा. फोनला सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार हे आपण आता खरेदीच्या वेळी विचारतो. ज्या वस्तूतून घरातला प्रत्येक फोन बाहेर जातो, तिच्याबद्दल तो प्रश्न विचारायची सवयच आपल्याला नाही.

खोक्याचा ताबा देणारा नियम होईपर्यंत व्यवहारात जे करता येतं ते असं. स्वतःचा राउटर घ्यायचा आणि कंपनीला ओएनटी ब्रिज मोडवर टाकायला सांगायचं. म्हणजे ओएनटी फक्त प्रकाशाचं विजेच्या संकेतात रूपांतर करेल, बाकी सगळी अक्कल आपल्या राउटरची. फोन करताना तीन गोष्टी मागून घ्यायच्या: पीपीपीओई (कंपनीच्या जाळ्यात लॉगिन करण्याची पद्धत) लागत असेल तर त्याचं युजरनेम आणि पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक (एकाच तारेतल्या सेवा वेगळ्या ठेवणारा आकडा), आणि कनेक्शन एखाद्या मॅक पत्त्याला (उपकरणाच्या कारखान्यातल्या ओळख-क्रमांकाला) बांधलेलं आहे का याचं उत्तर. हे ईमेलवर लेखी घ्यावं, कारण सहा महिन्यांनी वीज चमकून राउटर उडाला की तीच माहिती पुन्हा शोधावी लागते. राउटरमध्ये वॅनचा, म्हणजे बाहेरच्या जोडणीचा, प्रकार पीपीपीओई निवडायचा, व्हीलॅन भरायचा, एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार) १४९२ ठेवायचा. तो १५०० राहिला तर काही वेबसाइट अर्ध्या उघडून लटकतात आणि बाकी सगळं ठीक चालतं, त्यामुळे कारण पटकन लक्षात येत नाही. आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, चालू करायला विसरू नये. लँडलाइन फोन त्याच खोक्यातून चालत असेल तर तो ओएनटीलाच जोडलेला ठेवावा, त्याचे तपशील कंपन्या सहसा देत नाहीत.

ब्रिज मोड द्यायला नकार मिळाला तर दुय्यम वाट आहे. कंपनीच्या खोक्याचं वाय-फाय बंद करायचं आणि आपला राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर टाकून लॅनने जोडायचा, त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद. हे न करता राउटरमागे राउटर लावला की पत्त्यांचं भाषांतर, म्हणजे घरातला पत्ता बाहेरच्या पत्त्यात बदलणं, दोनदा होतं. ब्राउझिंग चालतं, पण खेळ, ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या जाळ्याशी सुरक्षित जोडणी) आणि फोनवरचं टीव्हीवर दाखवणं यांत विचित्र अडचणी येत राहतात.

घरच्या किंवा सोसायटीच्या कॅमेऱ्याकडे बाहेरून बघायचं असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल, तर आपण सीजीनॅटच्या मागे आहोत, म्हणजे अनेक घरं मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरताहेत. आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचे जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते एप्रिल २०११ मध्येच संपत आले, म्हणून ही सोय. मग पोर्ट कितीही उघडले तरी बाहेरून कुणी आत पोचत नाही. सोसायटीचा सीसीटीव्हीवाला चार-चार फेऱ्या मारून ‘डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) खराब आहे’ म्हणतो, तेव्हा बरेचदा भानगड हीच असते. स्थिर पत्ता वेगळे पैसे देऊन मिळतो. आयपीव्ही६ वर चालणारा कॅमेरा असेल तर त्याची गरजच नाही.

सोसायट्यांबद्दलही बोललं पाहिजे, कारण इथला ग्राहक निवड करायला मोकळा आहे असं गृहीत धरलं जातं आणि ते पुष्कळ ठिकाणी खोटं असतं. बिल्डरने एकाच कंपनीला शाफ्ट दिलेला असतो, नाहीतर कमिटी दुसऱ्या कुणाला गच्चीवर चढू देत नाही. दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार स्टार देण्याचे नियम काढले आहेत. घर घेताना पार्किंगबरोबर हाही प्रश्न विचारावा: शाफ्टमध्ये किती कंपन्यांना जागा आहे? सर्वसाधारण सभेत विषय घेता येतो. शिवाय फायबर घरापर्यंत येते की गच्चीवरच्या स्विचपर्यंतच, हेही बघावं. गच्चीवरून लॅनच्या लांब वायरी खाली सोडलेल्या असतील तर जूनच्या पहिल्या गडगडाटात स्विच जळतात, आणि इमारतीची वीज गेली की इंटरनेटही जातं. घरापर्यंतच्या फायबरला मधे विजेची गरज नसते, तिचा स्प्लिटर, म्हणजे एका तारेतला प्रकाश अनेक घरांत वाटणारा भाग, निव्वळ काचेचा असतो. अशा घरात १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तर १० वॉटचं खोकं दोनेक तास चालतं. फक्त अॅडॉप्टरवर १२ लिहिलंय की ९, आणि अँपिअर किती, ते जुळवून मगच घ्यावा.

आता नियमाबद्दल. आपलं उपकरण कंपनीच्या तारेला जोडण्याचा हक्क ही नवी कल्पना नाही. अमेरिकेत टेलिफोन कंपनी स्वतःच्या यंत्राशिवाय दुसरं काहीही जोडू देत नसे. टॉम कार्टर यांच्या कार्टरफोन या साध्या उपकरणावरून वाद झाला आणि १९६८ मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाने सांगितलं की जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहक आपलं यंत्र जोडू शकतो. आन्सरिंग मशीनपासून मोडेमपर्यंत पुढचं पुष्कळ काही त्या निर्णयाच्या वाटेने घरात आलं. जर्मनीने ऑगस्ट २०१६ पासून राउटर निवडण्याचा हक्क कायद्याने दिला. आपल्याकडेही असे निर्णय झालेले आहेत. २० जानेवारी २०११ पासून मोबाइल नंबर कंपनीच्या मालकीचा राहिला नाही, तो आपल्याबरोबर फिरू लागला. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने वेबसाइटप्रमाणे वेगळे दर लावायला मनाई केली, तीही २०१५ मध्ये लोकांनी दहा लाखांहून जास्त ईमेल पाठवल्यानंतर. जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने नेट न्यूट्रॅलिटीची, म्हणजे सगळ्या वेबसाइटना सारखं वागवण्याची, तत्त्वं मान्य केली. तारेत भेदभाव नको हे ठरलं, तारेच्या टोकाचं खोकं मात्र राहून गेलं.

कंपन्यांच्या बाजूनेही एक खरं कारण आहे आणि ते मान्य करायला हवं. फायबरच्या एका शाखेवर ३२ किंवा ६४ घरं असतात आणि प्रत्येक ओएनटीने आपल्या पाळीलाच प्रकाश पाठवायचा असतो. एखादा बिघडलेला ओएनटी पाळी सोडून बोलत राहिला तर अख्ख्या शाखेची जोडणी कोसळते, आणि दोषी घर शोधायला तंत्रज्ञाला एकेक तार काढून बघावी लागते. त्यामुळे ओएनटी कंपनीचाच राहावा, यावर माझी हरकत नाही. पण त्यामागच्या राउटरला हे कारण लागू पडत नाही. वाय-फायचं कुठलंही उपकरण दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या रेडिओलहरींच्या शाखेच्या मंजुरीशिवाय बाजारात विकता येत नाही, म्हणजे दुकानातल्या रीतसर राउटरची तपासणी आधीच झालेली आहे.

नियमात मला चार ओळी हव्या आहेत. ग्राहकाने मागितल्यावर ब्रिज मोड विनामूल्य आणि ठरावीक मुदतीत द्यावा. जोडणीचे सगळे तपशील बसवण्याच्या दिवशीच लेखी द्यावेत. कंपनीचं खोकं वापरणाऱ्याला लांबून शिरण्याची सोय बंद करता येईल असं पूर्ण लॉगिन मिळावं, आणि ती बंद केली तर फोनवरची मदत कमी होईल हे त्याला स्पष्ट सांगावं. आणि खोक्यावर, अॅडॉप्टरच्या व्होल्टेजशेजारी, सुरक्षेचे अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळतील ते छापावं. ट्रायची सल्लामसलतीची टिपणं त्यांच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुली असतात आणि त्यावर कुणीही साध्या ईमेलने मत पाठवू शकतो. ब्रॉडबँडच्या दर्जावरचं पुढचं टिपण येईल तेव्हा या चार ओळी तशाच उचलून पाठवल्या तरी चालतील. सोबत आपल्या घरातल्या तीन गोष्टी जोडाव्यात: वायरीवरचा वेग, बेडरूममधला वेग, आणि ब्रिज मोड मागितल्यावर मिळालेलं उत्तर तारखेसह.